अकरा तास

खिडकी क्रमांक दोन. पलीकडे ओझेली दुगे,
वय एकोणसाठ, खेकड्याच्या कारखान्यात तेहतीस हंगाम.
अलीकडे मी. छातीवरच्या पट्टीवर वृंदा,
तिच्या फ्रेंच तोंडात व्रँदा.

माझ्या पडद्यावर तिचं सबंध वर्ष एका ओळीत मावतं:
चारशे नऊ तास.
बेकारभत्त्याला लागतात चारशे वीस.

(माझ्या भाषेत हा आकडा लबाडाला चिकटवलेला.
इथे, न्यू ब्रन्सविकच्या या टोकाला,
तिथवर पोचला त्याच्याच घरी हिवाळाभर दिवा.)

यंदा खेकडा जूनमध्येच आटोपला.
हेरिंग आली ती उशिरा,
आणि घाईतल्या पाहुण्यासारखी
उंबऱ्यावरूनच परत गेली.
मग पट्टा थांबला. बायकांनी रबरी बूट
धुऊन उलटे टांगले.

नोकरी का सुटली? मला विचारावं लागतं.
उत्तरं आधीच छापलेली आहेत.
"सुटली नाही गं," ती म्हणते,
"समुद्रात गेलीय. एप्रिलमध्ये येईल."
मी खूण करते: कामाचा अभाव.

काम शोधताय का?
ती वळून काचेबाहेर बघते.
बंदर. बंद आइस्क्रीमचं दुकान. चर्च.
किनाऱ्यावर ओढून
पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या होड्या.
"शोधते की. यातलं कुठे बघायचं राहिलं, तू सांग."

अकरा कमी. मी पडदा तिच्याकडे फिरवते,
जणू त्या बाजूने आकडा मोठा दिसेल.
ती पिशवी उचलते.
"बरं."
एवढंच.

दहा दिवसांनी पुन्हा. हातात कागद,
कारखान्याचा शिक्का, मुकादम अलीरची सही.
बॉयलर आणि नाळ्यांची सफाई: अकरा तास.
बारा नाहीत.
पावणेअकराही नाहीत.

असल्या नेमक्या आकड्यांवर संशय घ्यायचा
मला पगार मिळतो, बारा महिने, दर पंधरवड्याला.
पेन खाली ठेवून मी विचारते,
हे काम झालं? तुम्हीच केलंत?

"यादीत नाव रेजिनाचं होतं.
तिचे सहाशे कधीच भरले. तिची पाठ धरली."
थोडं थांबून,
"दोनच दिवस धरली."

मग खिशातून रुमाल, रुमालातून एक कानातलं.
निळा खडा, काळी पडलेली चांदी.
"तिसऱ्या टेबलाखालच्या नाळीत होतं.
पाच हंगामांमागे पडलेलं, तिचंच.
तेव्हा सगळी पाळी गुडघ्यांवर बसून शोधत होती.
हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा बोटाला टोचलं.
दुसरं तिने टाकलेलं नाही अजून."

काउंटरवर क्लोरीनचा वास पसरतो.
पुरावा जोडा, या रकान्यात
कागद चालतो, फोटो चालतो.
हे कुठे जोडू?

मी अर्ज पुढे सरकवते.
आता आठवडे मोजायचे: भत्ता मार्चच्या मध्याला संपेल,
बर्फ फुटून पहिली होडी निघेल ती एप्रिल संपताना.
मधल्या सहा आठवड्यांना गावात काळं भोक म्हणतात.
तिने हे मोजून ठेवलेलं आहे. माझ्या ओठांकडे बघत
ती माझ्या आधी आकडा सांगते.

त्या दिवसांत काय करता?
हा प्रश्न फॉर्मवर नाही.

"एका दिवशी एकाच घरात शेगडी पेटवायची.
आज माझ्याकडे, उद्या रेजिनाकडे.
पाचही घरं तिथेच. सूप, पत्ते,
आणि एकमेकांची जुनी उणीदुणी.
अलीर पानं लपवतो. सगळ्यांना ठाऊक आहे."

चारशे वीस, मी मराठीत पुटपुटते, हसू दाबत.
तिला शब्द कळत नाही, सूर कळतो.
तिला वाटतं, मी तास पुन्हा मोजायला घेतले.
चटकन कागदावर बोट दाबून धरते,
नख क्लोरीनने पांढरं पडलेलं.
"आहेत," म्हणते,
"सगळे आहेत, व्रँदा. बघ."